तांबडीचं लोणी

बाबांची पत्रं आमच्याकडे लोण्यातून येतात.

दरवर्षी गवत वाढलं की बाबा आमच्या तीन गायी घेऊन डोंगरावरच्या कुरणात जातात आणि गवत संपेपर्यंत तिथेच राहतात. चांगले पाच महिने. तिथे मोबाईलला रेंज नाही. दर गुरुवारी खेचरवाले वरून डबे घेऊन रस्त्यापर्यंत उतरतात आणि टँकरवाले काका आमचा डबा दूध केंद्रावर आणून देतात. डब्यात लोणी, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली तेलकट चिठ्ठी. चिठ्ठीत शब्द दोनच: "बरं आहे." गेल्या वर्षी एकवीस चिठ्ठ्या आल्या आणि एकवीसही "बरं आहे." आई म्हणते, एकदाच छापून घेतल्या असत्या तर बिचाऱ्यांच्या हाताला तरी आराम मिळाला असता.

म्हणून मी लोणीच वाचायला शिकले.

ते काही अवघड नाही. गाजरात असतो तोच पिवळा रंग हिरव्या गवतातही असतो, फक्त हिरव्याच्या मागे लपलेला. गायीने ताजं गवत खाल्लं की तो रंग दुधाच्या स्निग्धांशात उतरतो आणि लोणी पिवळं होतं. सुका चारा खाल्ला की फिकट. खाली येताना बाबा आठवडाभर पायथ्याच्या गोठ्यात थांबतात. तिथे गायींना सुका चारा मिळतो, त्यामुळे शेवटच्या डब्यातलं लोणी नेहमी फिकट असतं. फिकट लोणी आलं की आठ-दहा दिवसांत बाबा दारात! हे मला सहावीपासून माहीत आहे आणि अजून एकदाही चुकलेलं नाही.

यंदा मात्र मला बाबा लवकर हवे होते. शुक्रवारी, एकवीस तारखेला, सकाळी दहा वाजता. शाळेच्या सभागृहात, पहिल्या रांगेत.

कारण मी शाळेच्या विज्ञान स्पर्धेत भाषण करणार होते. मी! बाबा मला "पुटपुट" म्हणतात. लहानपणापासून मी ओठातल्या ओठात बोलायचे. पाहुणे आले की दाराआड. वर्गात हजेरी द्यायची तर शेजारची मुलगी माझ्या वतीने "हजर" म्हणायची. बाबा वर गेले तेव्हा मी तशीच होते. ते गेल्यावर महिन्याभरात आईचा घसा बसला. आई केंद्रावर दूध तपासते. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनला लावायचा, फॅट किती ते बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. रांगेत पन्नास माणसं, त्यांचे पन्नास कॅन, खणखणाट, आणि आईच्या तोंडून नुसती हवा. तिने मला स्टुलावर उभं केलं. पहिले तीन आकडे मी पुटपुटले. मागून एक आजोबा ओरडले, "पोरी, दूध माझं पातळ आहे, तुझा आवाज तरी घट्ट कर!" सगळे हसले. मला इतका राग आला की पुढचा आकडा मी छप्पर हलेल असा ओरडले. "अठ्ठावीस नंबर, फॅट चार पॉईंट दोन!" आणि मग काय, मला ते आवडलंच. आईचा घसा बरा झाला तरी मी स्टुलावरून उतरेना.

हे सगळं बाबांनी बघितलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यात अजून जुनीच मी होते, दाराआडची. सगळी शाळा मला ओळखायला लागली होती, आणि ज्यांना दाखवायचं ते डोंगरावर! रिकाम्या डब्यातून मी चिठ्ठी पाठवली: "बाबा, २१ तारखेला माझं भाषण आहे. स्टेजवर. माईक लावून. या." उत्तर आलं: "बघतो."

बाबांच्या "बघतो"चा अर्थ कुठल्याच शब्दकोशात सापडत नाही.

आणि तेरा तारखेच्या गुरुवारी डबा आला. मी केंद्रावरच झाकण उघडलं. लोणी फिकट! सायीसारखं पांढुरकं, पिवळ्याचा पत्ताच नाही. चिठ्ठीत "बरं आहे."

"आई!" मी ओरडले. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. "बाबा खाली उतरलेत! पायथ्याच्या गोठ्यात आहेत!"

"एवढ्या लवकर?" टँकरवाले काका म्हणाले. "दोन महिन्यांचं गवत बाकी आहे वर. तुझे बाबा गवत टाकून भाषण ऐकायला येणार?"

"येणारच. बघतो म्हणालेत."

"मी पण माझ्या बायकोला रोज बघतो म्हणतो. पंखा अजून बंदच आहे."

आईने डबा हातात घेतला, आत बोट लावलं, बोट चाटलं आणि झाकण बंद केलं. घरी आल्यावर तिने कपाटातून बाबांचा निळा शर्ट काढला, धुतला आणि इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावला.

मी तर हवेतच होते. विज्ञानाच्या बाईंना सांगून पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखून ठेवली. तिच्या पाठीवर कागद चिकटवला: "वक्त्यांचे बाबा." रोज शाळेतून येताना मी कोपऱ्यावरून वळायच्या आधी डोळे मिटायचे, आणि उघडले की दारात गायीच्या घंटा असतील असं म्हणायचे. नसायच्या. मग उद्या, असं म्हणायचे.

भाषणाचा विषयही मी तोच घेतला होता: लोण्याचा रंग. पहिलं वाक्य असं होतं, "पिवळं म्हणजे गवत, पांढरं म्हणजे सुका चारा, आणि एवढं ज्याला कळतं त्याला गायीने दुपारी काय खाल्लं ते घरबसल्या सांगता येतं." बाईंना फार आवडलं. त्या म्हणाल्या, "नुसतं बोलू नकोस, काहीतरी करून दाखव. पुस्तकात संपृक्त-असंपृक्त आहे ना, ते दाखव. ताजं गवत खाणाऱ्या गायीच्या लोण्यात असंपृक्त स्निग्ध पदार्थ जास्त असतात, म्हणून ते थंडीतही मऊ राहतं. सुक्या चाऱ्याचं कडक होतं. चाकू लावून दाखव सगळ्यांना."

बुधवारी संध्याकाळी मी तालीम करायला बसले. एका बशीत केंद्रावरचं लोणी, म्हणजे बारा महिने गोठ्यात सुकं खाणाऱ्या गायींचं. दुसऱ्या बशीत आमचं. आमचंही आता सुक्या चाऱ्याचंच, त्यामुळे दोन्ही सारखीच कडक निघणार होती. म्हटलं, निदान चाकू धरायची सवय होईल. दोन्ही बश्या दुपारपासून फ्रीजमध्ये शेजारी शेजारी होत्या.

केंद्राच्या लोण्यात चाकू रोवला. जेमतेम नखभर गेला आणि उभा राहिला, खांबासारखा.

आमच्या लोण्यात लावला. चाकू सरळ बशीला टेकला. टक्.

मी पुन्हा लावला. टक्.

मला आधी वाटलं, फ्रीज बिघडला. बश्यांच्या जागा बदलल्या, अर्धा तास थांबले, पुन्हा लावला. टक्. एवढं मऊ लोणी सुक्या चाऱ्याचं असूच शकत नाही. ही गाय हिरवं गवत खात होती. भरपूर, ताजं, वरचं गवत. मग पिवळं का नाही?

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती.

"ते तांबडीचं नाही," ती म्हणाली.

सांगायचं राहिलंच. आमच्या तीन गायींत तांबडी एकच, बुटकी, गोल शिंगांची. बाकी दोघी ठिपक्यांच्या. ठिपक्यांच्या दुधाचं वर चीज होतं, ते विकायला. घरी येतं ते लोणी फक्त तांबडीचं, हा आजोबांपासूनचा नियम. त्यामुळे लोण्याचा रंग म्हणजे गवताचा रंग असंच मी धरून चालले होते. पण रंग जितका गवताचा तितकाच गायीच्या जातीचा. तांबडीच्या जातीची गाय गवतातला पिवळा रंग दुधात भरभरून सोडते. ठिपक्यांची जात त्यातला बराचसा स्वतःच पचवते आणि दूध पांढरं देते. तेच कुरण, तोच घास, पण लोणी वेगळं. मला हे माहीत होतं! अगदी नीट माहीत होतं. फक्त मला ते नको होतं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"बोट लावलं तेव्हाच. लोणी बोटावर लगेच वितळलं."

"गुरुवारी? आणि मग बोलली का नाहीस? शर्टाला इस्त्री केलीस!"

आई स्टुलावर बसली. "दिवसभर केंद्रावर लोकांना सांगते, डोळ्यांवर जाऊ नका, मशीन काय म्हणतं ते बघा. घरी आले आणि वाटलं, राहू दे. बोटाची चूक झाली असेल." मग म्हणाली, "सहा दिवस बरं वाटलं गं. मलाही."

मी रडले. मोठ्याने. आता माझं सगळंच मोठ्याने होतं.

"पण तांबडीला काय झालं?"

"ते उद्याच्या डब्यात कळेल," आई म्हणाली. त्या रात्री आमच्यापैकी कुणी जेवलं नाही.

गुरुवारचा डबा पुन्हा फिकट. पण चिठ्ठी लांब होती. बाबांनी आयुष्यात लिहिलेली सगळ्यात लांब चिठ्ठी: "तांबडीचा पाय दगडात अडकून दुखावला. दूध लोण्यापुरतं निघत नाही. उतार झेपणार नाही. तिला एकटी टाकून येता येत नाही. काळजी नको म्हणून मागच्या वेळी लिहिलं नाही. पुटपुटला सांग, घाबरू नको, हळू बोललीस तरी चालेल."

हळू बोललीस तरी चालेल!

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई, आणि तिच्या शेजारी ती खुर्ची. आईने तिच्यावर आपली पिशवी ठेवली होती. उशिरा आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "इथे कुणी आहे का?" मला स्टेजवरून ऐकू आलं. आई म्हणाली, "आहे."

माईक जरा उंच होता. मी तो बाजूला केला. मला माईक लागत नाही. पहिलं वाक्य मी सोडून दिलं. म्हणाले, "पिवळं म्हणजे गवत आणि पांढरं म्हणजे सुका चारा, असं मी तुम्हाला सांगणार होते. ते अर्धंच खरं आहे. अर्ध्या खऱ्यावर विश्वास ठेवून मी सहा दिवस एका माणसाची वाट बघितली." मग दोन्ही बश्या पुढे घेतल्या आणि चाकू लावला. एकीत उभा राहिला, एकीत टक् झाला. ते टक् शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, इतकी शांतता होती. मी सांगितलं, रंग बघितलात तर गाय कुठली ते कळेल, मऊपणा बघितलात तर ती काय खाते ते कळेल, आणि दोन्ही बघितल्याशिवाय खुर्ची राखून ठेवू नका. लोक हसले. आई हसली नाही, पण पिशवीवर हात ठेवून बसली होती.

दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीवाल्या मुलीला. तिच्या ज्वालामुखीतून फेस आला, त्याला आपण काय करणार!

घरी येऊन मी सगळं भाषण बारीक अक्षरात लिहिलं. चार पानं. जिथे मी ओरडले तिथे शब्द मोठे काढले, जिथे लोक हसले तिथे कंसात "हशा" लिहिलं. पानं रिकाम्या डब्यात घातली. टँकरवाले काका डबा हलवून म्हणाले, "रिकामा डबा आज जड कसा काय?"

"माझा आवाज आहे आत," मी म्हणाले.

"मग झाकण घट्ट लाव. रस्त्यात सुटला तर खेचरं बिथरतील."

पुढच्या गुरुवारी डबा आला. या वेळी मी केंद्रावर उघडला नाही. घरी आणला, फ्रीजमध्ये ठेवला, दोन तास बाहेर फेऱ्या मारल्या. मग आईने झाकण काढलं.

पिवळं! पूर्ण नाही, कडेकडेने, जणू कुणी पांढऱ्यात थोडं थोडं कालवलंय. तांबडीचं दूध पुन्हा निघायला लागलं होतं. ठिपक्यांच्या लोण्यात बाबांनी तिचं मिसळलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: "पाय टेकवते. भाषण तिला मोठ्याने वाचून दाखवलं, जिथे मोठं लिहिलंय तिथे ओरडून. दोन्ही ठिपक्या पळाल्या. ती ऐकत उभी राहिली. मी पण."

आईने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि खुंटीवरच्या निळ्या शर्टाच्या खिशात ठेवली. शर्ट तिने अजून काढलेला नाही.

मग तिने माझ्या हातात चाकू दिला. "लाव."

उभा राहा, मी मनात म्हटलं. खांबासारखा उभा राहा. सगळ्या जगाला मऊ लोणी हवं असतं आणि मी तिथे उभी राहून कडक मागत होते.

टक्.

"अजून गवत आहे," मी म्हणाले.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "पाव आण."