बूटीनाथांचं तेल आणि भाऊबीजेचा मिक्सर

इंदिरानगरातल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गादीवरून बूटीनाथ महाराज गरजत होते, "गांजा औषध म्हणून मोकळा करा म्हटलं की सरकार घाबरतं! कंपन्यांची दुकानं बंद पडतील ना! गोळ्या म्हणजे विष, माई. टाका घंगाळात आणि घ्या शंभूची बूटी, हे गांजाचं तेल!"

विष म्हणे! आणि चांगली शिकलेली माणसं दर गुरुवारी औषधांची नवी पाकिटं आणून त्या तांब्याच्या घंगाळात वाहत होती. तसा नियमच होता.

प्रतिभाही आपल्या लेकीच्या, दिशाच्या, फिटच्या गोळ्या वाहायची. तिचा सख्खा भाऊ ज्ञानेश महाराजांचा सेवेकरी, त्याच्या शब्दावर. आणि खरंच, गोळ्या सोडून तेल सुरू केल्यावर पोरीला एकदाही फिट आली नाही. आज प्रतिभा माईकवर तेच सांगत होती, तोच दिशा घामानं डबडबून कोसळली.

दवाखान्यात डॉक्टर लतिकाताईंनी रक्त तपासलं. "साखर पार उतरलीय. फिटचं औषध मात्र रक्तात आहे. गोळ्या चालू आहेत ना?"

"नाही हो. फक्त गांजाचं तेल देते."

"मग तेलातच गोळ्या आहेत. फिटच्या, आणि कुणाच्या तरी मधुमेहाच्याही."

प्रतिभाच्या डोळ्यांपुढे ते घंगाळ आलं. दिशा सावरल्यावर, पुढच्याच गुरुवारी, ती तडक हॉलवर गेली आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. ज्ञानेश पाकिटं फोडत बसला होता. शेजारी तिळाच्या तेलाचा डबा आणि तिचाच मिक्सर! भाऊबीजेला त्यानेच दिलेला, 'सेवेला हवाय' म्हणून परत नेलेला. भांड्यात पांढरी पूड होती. गांजाचं पान औषधालाही नव्हतं.

"ताई, पण फिट थांबल्याच ना गं?"

"तिच्याच गोळ्यांनी थांबल्या रे! मीच वाहिलेल्या! आणि त्यात कुणाकुणाच्या मिसळल्यास? मामा ना रे तू तिचा?" तिला रडू आवरेना.

भांडं उचलून ती हॉलमधल्या गर्दीपुढे उभी राहिली. "ही बघा बूटी! तुमच्याच गोळ्या, कुणाच्या कुणालाही!" लोक घंगाळावर तुटून पडले, आपापली पाकिटं शोधायला.

गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी की नको, यावर खुशाल भांडा. तपासून, मोजून जे सिद्ध होईल ते घ्या. पण बाटलीत काय आहे, किती आहे, कुणी तपासलंय, हे विचारल्याशिवाय लेकराच्या तोंडात थेंबही घालू नका. बाटली देणारा सख्खा भाऊ असला, तरी विचारा.