सहादेवकाकांच्या गाडीचा एसी

एसी दुरुस्त करून घ्यायला गेलेल्या माणसाला गॅरेजवालाच 'नका करू' म्हणाला, तेव्हाच सहादेवकाकांच्या मनात पाल चुकचुकली.

गाडी म्हणजे सतरा वर्षांची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. पुण्याच्या कुणी हौशी जोडप्याने सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि पडदे बसवले होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी ती घेतली. एकतीस वर्षं लोकांना फिरवलं, आता बायकोला, झुंबरबाईला फिरवायचं, असं त्यांनी अख्ख्या मिरजगावात सांगून ठेवलं होतं. दोघं तुळजापूर, सोलापूर करून आले आणि मार्चमध्ये एसी गार हवा द्यायचा बंद झाला. मे महिन्यात तर भंडारदऱ्याला जायचं ठरलेलं.

कर्जतच्या गॅरेजवाल्या अजिनाथने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "काका, जुनी गाडी हाय. एसीच्या नादाला लागू नका. काचा उघड्या ठिवा, वारं लागतंय की."

"आरं, बघ तरी!"

"मागच्या बारीला बघितलंय," म्हणत तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मागच्या वेळी, ऑइल बदलताना, त्याने आणखीही एक विचारलं होतं. "इकायची झाली तर मला सांगा, काका." आता काकांना सगळा डाव दिसायला लागला. ऊन तापेल, म्हातारा वैतागेल आणि येईल त्या भावात गाडी देऊन टाकेल!

घरी त्यांनी हे बोलून दाखवलं, तर झुंबरबाई भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाल्या, "नगं तर नगं. एसीनं माझं गुडघं धरत्यात."

गुडघ्यांचं काका पहिल्यांदाच ऐकत होते. ही कधीपासून अजिनाथच्या बाजूने बोलायला लागली?

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्यांनी गाडी श्रीगोंद्याला नेली. तिथला राधाकृष्ण फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करायचा. त्याने आत बॅटरी मारली आणि हसला.

"काका, बिघाड कायबी न्हाई. कॉम्प्रेसरची वायर काढून ठिवलीय. टोकाला टेप बघा किती नीट गुंडाळलीय. जानत्या मानसाचं काम हाय. जोडू का?"

"हात लावू नको. हाय तसं ऱ्हाऊ दे."

तिथून काका थेट कर्जतला. "माझी गाडी लुबाडायला वायर काढलीस व्हय रं?"

अजिनाथचा चेहरा पडला. "गाडी नगं मला, काका. मागच्या बारीला तुमी चहा प्यायला गेल्ता तवा काकूंनी काढाय लावली. का, ते त्यांनाच इचारा."

मिरजगावपर्यंत काकांचं डोकं भणभणत होतं. चाळीस वर्षांचा संसार आणि बायको गॅरेजवाल्याशी संगनमत करते? हिला फिरायचंच नसेल. की पोरांनी गाडी विकायचं हिच्या कानात भरलं?

झुंबरबाई ओसरीवर बाजरी पाखडत होत्या. "वायर का काढाय लावलीस?" काकांनी विचारलं, तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सोलापूरहून येताना तुमी झोपला हुता."

"मी? स्टेरिंगवर?"

"मान खाली गेली. गाडी उजवीकडं सरकली, समोरनं उसाचा ट्रक. मी वरडले. तुळजापूरला जातानाबी तसंच झाल्तं. काचा बंद, गार हवा, आवाज न्हाई, की तुमचं डोळं मिटत्यात. उघड्या काचांनी न्हाई मिटत."

"मग मला सांगायचं!"

"तिथंच सांगितलं की. दोन दिस बोलला न्हाई माझ्याशी."

हे खरं होतं. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, आणि ही म्हणते झोपला! तो राग त्यांना चांगला आठवत होता.

ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. सोलापूरचा परतीचा रस्ता पहिल्यापासून आठवू लागले. टेंभुर्णी आठवली. करमाळ्यात घेतलेले पेरू आठवले. मग एकदम झुंबरबाईचं ओरडणं, आणि पुढे मिरजगाव. करमाळ्यानंतर लागणारं माहीजळगाव कुठं गेलं? त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. माहीजळगाव काही सापडेना.

सकाळी ते अजिनाथकडे गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले.

"वायर जोड," शेवटी म्हणाले. "पन पुढचा स्विच काढ. तुझ्या काकूच्या सीटपाशी बसव. माझा हात पोचाय नको."

मे महिन्यात ते भंडारदऱ्याला निघाले, ते काचा सताड उघड्या ठेवून. झळांनी तोंड भाजत होतं. झुंबरबाईंनी स्विचला बोट लावलं नाही आणि काकांनी मागितलंही नाही. संगमनेर मागे पडलं आणि अकोले गावाच्या अलीकडे काकांनी आपणहून गाडी एका लिंबाखाली घेतली.

"काय झालं वं?"

"डोळं जड झाल्यागत वाटतंय."

झुंबरबाईंनी काचा बंद केल्या. त्यांनी मागचा पलंग मोकळा केला, पडदे ओढले आणि एसी लावला. काका तासभर घोरत पडले.