देवाला दाखवलेले बावीस हजार माइल

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, आणि सध्या धसईच्या एका घरात परातीला चिकटलेलं पीठ खरवडायच्या कामावर आहे. हसू नका, मित्रांनो. याच कार्डानं एका बाईला गुवाहाटीपर्यंत विमानानं नेलंय. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही.

एका कारखान्यात प्लास्टिकच्या मोठ्या पत्र्यावरून आम्ही ढीगभर भाऊ एकदम कापून निघालो. पोटात सोनेरी चिप बसली, छातीवर मालकाचं नाव उठलं, अनंता. मला वाटलं, कोणी सुटाबुटातला साहेब असणार. पाकीट उघडलं नि पहिला धक्का बसला. अनंता लुंगी गुंडाळून भेंडीच्या ढिगात बसला होता.

धसईच्या आसपासच्या शेतकऱ्यांची भेंडी तो गोळा करायचा. सरळ, बोटाएवढी निवडायची, खोक्यात भरायची, टेम्पोनं वाशीला पाठवायची. तिथून ती विमानानं दुबईला जायची. त्याची बायको चंद्रकला खोकी बांधता बांधता म्हणायची, "या भेंडीला ना पासपोर्ट ना काय, तरी इमानात बसते. मी मेली अजून कल्याणच्या पुढं नाय गेले."

"तू पण बारीक हो गो," अनंता म्हणायचा, "बसवतो तुला खोक्यात."

मीही काही साधा नव्हतो. पंपावर डिझेल भरून झालं, मागं गाड्यांची रांग लागली, की मुद्दाम मशीनमध्ये मुका बसायचो. पंपावरचा माणूस मला शर्टाला पुसायचा, फुंकर मारायचा, परत घालायचा. अनंताचा चेहरा पुरता पडला की मग चालायचो. त्या चेहऱ्याची मजाच वेगळी.

चंद्रकलाचा भाऊ सुयोग भातसानगरला धरणावर नोकरीला. जगातली सगळी माहिती त्याला तुमच्या आधी कळते. एकदा तो म्हणाला, "भावोजी, डिझेल, खोकी, खत, सगळं या कार्डावर घ्या. दर खरेदीला पॉइंट मिळतात. ते इमान कंपनीच्या खात्यात टाकले की त्यांचे माइल होतात. माइल साठले की तिकीट फुकट."

"तू किती वेळा गेलास रे?"

"मी माहिती देतो, भावोजी. जायचं काम तुमचं."

झालं. त्या दिवसापासून मला विश्रांती नाही. चार वर्षं मशीनमध्ये घासून घासून माझ्या अंगाची रया गेली. पण मान असा, की दसऱ्याला टेम्पो आणि वजनकाट्याच्या शेजारी मलाही हळदकुंकू लागायचं. बावीस हजार चारशे माइल साठले. अनंता ते मोडायचं नाव घेत नव्हता.

मग एका मंगळवारी सकाळी रविनाचा फोन आला. रविना ही त्यांची एकुलती एक लेक, नवऱ्याच्या नोकरीपायी गुवाहाटीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला बंदी घातली होती. आता तर तारीखच अलीकडं आली होती.

"आये, गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. हे सीमेवर आहेत, त्यांना सुट्टी नाय मिळत. मी एकटीच आहे गो."

गाडीनं निघाली तर चंद्रकला पोचणार शुक्रवारी. तिच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच करपली. अनंतानं सुयोगला बोलावून घेतलं. सुयोगनं मोबाइलवर बघून सांगितलं, "बुधवारच्या इमानाला जागा आहे. आपल्या माइलमध्ये जायचं एक तिकीट बसतंय. वर थोडे उरतायत."

"थांबा," चंद्रकला म्हणाली. "नवा भात देवाला दाखवल्याबिगर आपण तोंडात घालत नाय. हे चार वर्षांचं नवं आहे. पयलं देवाचं काढा."

आमच्याकडं हे चालतंच. कणसं घरात आली की पहिला घास देवाला. अनंतानंही मान हलवली. सुयोगला तर विमान कंपनीच्या ॲपमध्ये दानाची जागा माहीत होतीच. कंपनी त्या माइलवर आजारी पोरांना इस्पितळात पोचवायची. "एकशेएक द्या," तो म्हणाला आणि मोबाइल अनंताच्या हातात देऊन चहाला वळला. अनंतानं चौकटीत बावीस हजार चारशे लिहिलेलं वाचलं. त्याला वाटलं, ही आपली शिल्लक दाखवतायत. एकशेएक देवाचे कंपनी आपसूक कापून घेईल. डोळे मिटून त्यानं नमस्कार केला नि बटण दाबलं.

शिल्लक शून्य.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळांचे चेहरे पाडले. पण त्या दिवशी अनंताचा चेहरा पाहून माझीच चिप थंड पडली. सुयोगच्या तोंडातून पहिल्यांदाच माहिती बाहेर येईना.

शेवटी मदतीच्या नंबरावर फोन लागला. पलीकडच्या मुलीनं ओळख पटवायला माझे शेवटचे चार आकडे विचारले. ते तर कधीच घासून गेले होते. चंद्रकलानं हळदीचं बोट माझ्या अंगावर फिरवलं, उंचवट्यावर रंग धरला, आकडे दिसले.

मुलगी म्हणाली, "दान आज सहाच्या आत रद्द करता येतं. पण सगळंच रद्द होईल. करू का?"

अनंतानं फोनवर हात ठेवला. "नाय. देवाच्या नावानं दिलेलं मागं घ्यायचं? वर रविना ऑपरेशनला जाते. तिला काय झालं म्हंजे?"

मी हबकलो. लेक तिकडं एकटी, तिकीट एका शब्दावर, आणि हा माणूस भीतीनं गारठलेला.

चंद्रकलानं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "नैवेद्य देव उचलून नेतो का वो? आपण दाखवतो, ताट मागं घेतो नि पोरांना वाढतो. देवानं पायलंय. आता पोरीच्या पानात वाढायचं." मग फोनवर म्हणाली, "बाय, सगळं मागं दे. तिकीट काढून झालं की एकशेएक मी स्वतः घालते. आकडा वाचून."

पलीकडून मुलगी म्हणाली, "काकू, फोन ठेवू नका. तिकीट होईपर्यंत मी थांबते."

वाटेत लागलं तर म्हणून अनंतानं मला चंद्रकलाच्या बटव्यात घातलं. बुधवारी विमान जमिनीवरून उठलं तेव्हा चंद्रकलानं मला बटव्यासकट मुठीत असं आवळलं, की माझा कोपरा कायमचा वाकला. खाली पाहायला ती तयार नव्हती. खिडकीची जागा शेजारच्या बाईला देऊन टाकली आणि रविनाचं नाव घेत बसली.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या दारात नर्सनं कागद पुढं केला नि हिंदीत विचारलं, घरचं कोण आलंय. स्ट्रेचरवरून रविनानं मान वळवली. चंद्रकलानं हात वर केला, बाकावरून उठली आणि म्हणाली, "मी हाय. आई हाय तिची."

तासाभरानं आतून रडणं ऐकू आलं. नातीचं. चंद्रकलानं मला बटव्यासकट कपाळाला लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही पाकिटाच्या तळाशी माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, किती साठलंय ते बघा. कोणी तुमची वाट बघत असेल तर साठवत बसू नका, जा. आणि देवाचं नाव जरूर घ्या, फक्त बटण दाबताना डोळे उघडे ठेवा.