सव्वा मूठ गहू

"हा दगड पुन्हा मार," सुभेदारसाहेब म्हणाले. "पिवळट दिसतोय."

भूषणने ब्रश बादलीत बुडवला आणि त्याच दगडाला तिसऱ्यांदा चुना फासला. बंकरपासून हेलिपॅडपर्यंत पायवाटेच्या दोन्ही कडांना दगड मांडलेले होते, एक गेरूचा, एक चुन्याचा. मोठे साहेब तपासणीला यायचे होते. गेला पंधरवडाभर ते येतच होते. सकाळी ढग खाली उतरायचे, हेलिकॉप्टर यायचं नाही, पाऊस दगड धुऊन काढायचा आणि दुपारी भूषण बादली घेऊन हजर. गावी, असोद्याच्या शाळेत पंधरा ऑगस्टला गावातल्या जवानांची नावं फळ्यावर लिहितात, त्यात त्याचंही असतं. फळ्यावरचा जवान बंदूक रोखून उभा असतो. त्याच्या हातात ब्रश आहे हे मुलांना कोण सांगणार?

दगडांचं दुःख त्याने कधीच गिळलं होतं. राग होता तो सुट्टीचा. श्रावणात कानबाईच्या सणाला घरी जायचं म्हणून त्याने उन्हाळ्यातच अर्ज टाकला होता, सुट्टी मंजूरही झाली होती. मग ही तपासणी निघाली आणि सगळ्यांच्याच सुट्ट्या गेल्या. खानदेशातल्या माणसाला दिवाळी चुकली तर चालते, पण कानबाईला घर चुकलं की घास उतरत नाही. मुंबईला, सुरतेला गेलेले भाऊबंद त्या एका रविवारी झाडून गावी येतात. भूषण किती वर्षांत गेला नव्हता, हे आठवायला त्याला आता विचार करावा लागायचा.

"आणि हे बघ," सुभेदारसाहेब जाता जाता थांबले. माणूस साताऱ्याचा, आवाज मोठा, मन मऊ. "तुझी नोकरीची वर्षं भरत आली. अजून दोन वाढवून घेतोयस का घरी जातोयस, ते सोमवारी मला सांग. वर कळवायचं आहे."

"जी साहेब."

उत्तर खरं तर त्याच्याकडे तयार होतं. घरी. दिवाळीनंतर कायमचा घरी. फक्त घरी जाऊन करायचं काय, इथे गाडी अडायची.

संध्याकाळी लंगरात बटाटे सोलताना त्याने हे वनाला सांगितलं. वना साक्रीकडचा, लंगरातला आचारी. सगळ्या पोस्टवर खानदेशातले ते दोघंच. वनाची अहिराणी आणि भूषणची असोद्याची बोली एकमेकींच्या मावसबहिणी, त्यामुळे दोघं आपापल्या बोलीत बोलत आणि सुखाने भांडत.

"घर जाईसन काय करशी?" वना म्हणाला. "बँकना दारवर बसशी, बंदूक लिसन. मना मामा बसस ना धुळाले. दिवसभर लोकेसले पेन देस. बंदूक कोनी मांगस नही, पेन बठ्ठा मांगतस."

"मी नही बसत बँकेत."

"मग?"

"केयीचे वेफर्स करीन. नही तं शाळेची गाडी चालवीन. लेकरं घेऊन जानं, लेकरं घेऊन येनं. कोनी सॅल्यूट मारत नही, कोनाले मारा लागत नही."

"तू ते वावरबी करनार व्हतास ना गयी सालले?"

भूषणने पुढचा बटाटा उचलला. वावर होतं, पण ते काका, गिरधरनाना, आणि चुलतभाऊ ललित पाहत होते, आणि चांगलं पाहत होते. मागच्या सुट्टीत तो हौसेने केळीच्या बागेत गेला होता. ठिबकची नळी कुठे उघडायची ते त्याला सापडेना. ललित हसत म्हणाला होता, "राहू दे भाऊ, तू दमला असशीन, घरी बस." ललितच्या मनात काही वाकडं नव्हतं. तरी त्या दिवशी आपल्याच बांधावर भूषण पाहुण्यासारखा बसून राहिला होता, हातात चहाचा कप घेऊन.

रात्रपाळीचा पहारा, ओले मोजे, बुखारीच्या शेगडीचा धूर, डब्यातली भाजी, हे सगळं माणूस सोसतो. सोसायला शिकवतातच. एकटेपणाचं मात्र कुठलं ट्रेनिंग नसतं. भूषणला एकटं वाटायचं. पोस्टवर चाळीस माणसं असून एकटं वाटायचं, आणि हल्ली सुट्टीत घरी गेल्यावरही वाटायचं, याची त्याला जास्त भीती होती.

फोनची रेंज पाण्याच्या टाकीमागे एका कोपऱ्यातच यायची. तिथे उभं राहून त्याने बायकोला, चारुलताला, सुट्टी गेल्याचं सांगितलं.

"मले वाटलंच व्हतं," ती म्हणाली. तिच्या मागे भांड्यांचा आवाज होता. घर सारवणं, पडदे धुणं, कानबाईची सगळी तयारी यंदा तिच्या अंगावर होती. भूषणची आई, बेबाबाई, मागच्या माघात गेली. आई होती तोवर कानबाईचं सगळं तीच सांभाळायची.

"चारू, मी काय म्हनतो. नोकरी सोडू का?"

"सोडा ना. पन मंग करशान काय?"

ती वाकडं बोलली नव्हती. प्रश्न सरळच होता. पण भूषणला वाटलं, आधी 'या' म्हणाली असती आणि मग विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं? "पाहू," म्हणून त्याने फोन ठेवला. मग मनाशी ठरवलं, शनिवारी सगळे जमतात तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकू, मी येतोय म्हणून. मग बघू कोण काय म्हणतं.

शनिवारी कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, नाव घेऊन सुपात टाकायची. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. तेवढेच गहू गिरणीत जातात. गिरणीवालाही त्या दिवशी जातं धुऊन-पुसून फक्त रोटाचंच दळण घेतो. एकदा दळलं की त्यात चिमूटभर वाढवायचं नाही.

भूषणची मुलगी भूमिका हिने फोन धरला होता. चित्र अडकत होतं, आवाज पुढे-मागे होत होता, पण ओसरी दिसत होती. गिरधरनाना धोतर नेसून पाटावर बसले होते, पुढे गव्हाची पाटी आणि सूप.

"कारे भूषण, कसं काय भो? थंडी हाये का तिकडे?"

"हाये ना नाना."

"जपून ऱ्हाय. ए पोरी, धर नीट फोन, पाहू दे तुह्या बापाले."

नानांनी देवाचं नाव घेतलं आणि मूठ भरली. "ही मही." सुपात गहू पडल्याचा आवाज झाला. "ही ललितची. ही ललितच्या लहान्याची. ही..." त्यांनी ओसरीवर नजर फिरवली. जो समोर बसलेला दिसेल त्याचं नाव ते घेत होते. सुरतेचे दोघं भाऊ, त्यांची पोरं. "ही तेजसची." भूषणचा मुलगा तेजस आजोबांना चिकटूनच बसला होता. स्वतःचं नाव आल्यावर तो जरा ताठ झाला.

"झाले ना बठ्ठे?" नानांनी विचारलं.

"झाले, झाले," ओसरी म्हणाली. कुणीतरी सूप उचललं.

भूषण टाकीमागे फोन धरून उभा होता. तोंड उघडायला किती वेळ लागतो? 'नाना, माही राहिली' एवढं म्हटलं असतं तर नानांनी जीभ चावली असती, कपाळाला हात लावला असता, दोन मुठी जास्त घातल्या असत्या. पण आई असताना पहिलं नाव त्याचं घ्यायला लावायची. "माहा भूषण दूर हाये, त्याची आधी टाका." आज त्याने वाट पाहिली, कुणाला तरी आठवेल म्हणून. कुणाच्या तरी तोंडून आपलं नाव निघावं, आपल्या नाही, अशी त्याची इच्छा होती. सूप दाराबाहेर गेलं. भूमिकाने फोन वळवला आणि नवी रांगोळी दाखवली. ती फार सुंदर काढली होती. त्याने तसं सांगितलं. नोकरीचं काही तो बोलला नाही.

रविवारी संध्याकाळी चारुलताचा फोन आला. नुसतं 'अहो' म्हणाली.

"काय झालं?"

"तुमची मूठ राहिली," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आता कनीक मयता मयता ध्यानात आलं. नानांचं वय झालं हो, पन मी काय करत व्हती? मी तं तठीच उभी व्हती. दयन आलेलं, आता घालताबी येत नही."

"हाऊ दे."

"कसं हाऊ दे? तुमी पाहू रायले व्हते ना? मंग बोलले काहून नही?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "तुमी येऊन जा. वेफर्स करा, नही तं घरी बसा. पन या. अजून दोन वर्सं ऱ्हायले तं मले भेव वाटते."

"कशाचं?"

"आमाले सवय व्हऊन जाईन. झालीच हाये." ती एवढं म्हणाली, आणि आतून कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

भूषण लंगरात आला. सांगवलं तेवढं वनाला सांगितलं, सगळं नाही. मग म्हणाला, "सव्वा मूठ कनीक दे."

वनाने कारण विचारलं नाही. खानदेशातल्या माणसाला कारण लागत नाही. त्याने हात धुतले, परात धुतली, आणि पिठाच्या पोत्यापासून बाजूला झाला. "तुना हाते ली," म्हणाला.

भूषणने स्वतःचं नाव घेऊन मूठ भरली. नाव मोठ्याने घेतलं. स्वतःचंच नाव असं घेताना त्याला चमत्कारिक वाटलं, कारण इथे सगळे त्याला आडनावाने हाक मारत. पुरण नव्हतं, खीर नव्हती. गूळ होता. त्याने जाड रोट थापला, तव्यावर भाजला, तूप सोडलं. रोट एका बाजूने करपला. हात जोडायला कानबाई नव्हती, म्हणून दक्षिणेला तोंड करून जोडले. असोदा तिकडेच कुठेतरी.

मग सवयीने त्याने अर्धा मोडून वनापुढे धरला.

वनाने हात मागे घेतला. "माले चालस नही भाऊ. रोट भाऊबंदकीनाच. तुले माहित शे." जरा थांबून तो म्हणाला, "आनि ठेवतस बी नहीत. बठ्ठा खाना पडी."

"हो," भूषण म्हणाला. तो विसरला होता.

वना उठून दाराशी जाऊन बसला, बाहेर तोंड करून, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. तिथूनच त्याने विचारलं, "मग उद्या काय सांगशी साहेबले?"





"घरी जातो म्हनून."

"काय करशी तठे?"

भूषण घास चावत राहिला. रोट जाड होता, मधोमध थोडा कच्चाही राहिला होता. घरी एका रोटाला आठ हात लागायचे, पोरं हिसकावून खायची, आई ओरडायची. इथे तो एकटा होता आणि रोट संपत नव्हता.

"आधी त्याह्यच्या समोर जाऊन बसतो," तो म्हणाला. "मंग पाहू."

बाहेर पावसाला सुरुवात झाली. दगडांचा चुना वाहून चालला होता, सकाळी पुन्हा लावावा लागणार होता. भूषणने पाण्याचा घोट घेतला, पुढचा तुकडा मोडला, आणि ताटलीतलं शेवटचं चिमूटभरही बोटाने टिपून खाल्लं.