छत्तीस ठिगळांचा बॅनर

मित्रांनो, मला उलगडायला आता तीस माणसं लागतात आणि घडी घालायला चाळीस. कारण घडी घालताना दोघं-तिघं हमखास उलट्या दिशेला चालू लागतात. मी फुटबॉलच्या मैदानावरचा एक जुना कापडी बॅनर आहे. लांबी सत्तर हात, वय एकोणीस वर्षं. जन्मलो तेव्हा मात्र जेमतेम सहा हातांचा होतो.

आमच्या गावात तेव्हा खेळ म्हणजे क्रिकेट. रस्त्याच्या एका बाजूला क्रिकेटचं मैदान, दुसऱ्या बाजूला फुटबॉलचं. तिकडे उभं राहायला जागा मिळायची नाही, आणि इकडच्या बाकांवर कबुतरं बसायची. आमच्या संघाचा गोलकीपर उंच आणि अबोल होता. सगळे त्याला खांब म्हणत. एकदा त्यानं पेनल्टी अडवली आणि त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानं हात वर केला. मग त्याच्या लक्षात आलं, की टाळ्या रस्त्यापलीकडच्या आहेत. तिकडे कुणीतरी षटकार मारला होता.

हे त्यानं घरी हसत हसत सांगितलं, पण त्याच्या आत्याला काही हसू आलं नाही. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिचं पडदे शिवायचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं परत केलेला एक हिरवा पडदा तिनं काढला, त्यावर पिवळ्या कापडाची अक्षरं कापून शिवली: ‘आम्ही आलोय’. तो मी.

आत्याचे यजमान, म्हणजे खांबाचे आतोबा, क्रिकेटचे पंच होते. त्यांनी चष्मा वर करून मला वाचलं.

“आम्ही म्हणजे कोण? जाणार तर तू एकटी.”

“होईल हळूहळू खरं,” आत्या म्हणाली.

“दीड तास धावायचं आणि शेवटी शून्य-शून्य. तेवढ्यात माझे केस कापून होतात.”

“तुमचे केस कापायला दीड तास कशाला लागतो?” आत्यानं त्यांच्या टकलाकडे बघत विचारलं.

पहिल्या शनिवारी माझं एक टोक कठड्याला बांधलेलं होतं आणि दुसरं आत्याच्या हातात. खांबानं मला पाहिलं आणि मान खाली घातली. कान मात्र लाल झाले होते. तिसऱ्या शनिवारी दातांचे डॉक्टर आले. ते खरं तर पाय मोकळे करायला निघाले होते, पण माझं कठड्याकडचं टोक सुटून फडफडत होतं, ते त्यांनी पकडलं आणि मग कायमचंच धरून ठेवलं. त्यांचा आवाज असा, की दात दुखायचा थांबावा. “खांब आमचा उभा रे, चेंडू जाणार कुठनं रे?” ही आरोळी त्यांचीच.

मग माणसं येऊ लागली. बसचे ड्रायव्हर आले, दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, बेकरीतली मंडळी कामावरून परस्पर आली. प्रत्येकाला माझ्यात आपलं काहीतरी हवं असायचं. आत्याचा नियम सोपा होता: कामावर वापरलेलं कापड आणा. मला खाकी ठिगळ लागलं, निळं लागलं, पिठाचा वास असलेलं पांढरं लागलं. सहा वर्षांत मी पूर्ण स्टँडभर पसरलो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. क्रिकेटचा सामना संपला की तिकडचे लोकही रस्ता ओलांडून इकडे येऊ लागले. ही बातमी आतोबांनी घरी सांगितली ती हातातला झेल सुटल्यासारख्या चेहऱ्यानं.

माझ्या आयुष्यातला वाईट दिवस याच भरभराटीत आला. उपांत्य सामना होता. समोरच्या संघाच्या गोलकीपरच्या पायांमधून आदल्या वर्षी एक सोपा चेंडू गेला होता आणि त्या गोलामुळे त्यांचा चषक हुकला होता. डॉक्टरांनी यमक जुळवलं: ‘पाय जोड, नाहीतर खेळ सोड’.

“हे मी शिवणार नाही,” आत्या म्हणाली. “खांबाच्याही पायांमधून चेंडू गेलेत.”

“आत्या, स्टँडमध्ये असं चालतं. सगळीकडे चालतं.”

“चालत असेल. माझ्या सुईनं नाही.”

मग डॉक्टरांनी लाल ऑइलपेंट आणला आणि बरोबर माझ्या मधोमध ते रंगवलं. कापडाला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो.

सामन्याआधी मला उघडलं. दोन हजार माणसं हसली. समोरच्या गोलकीपरनं मला वाचलं आणि कोरडे हातमोजे पुन्हा पुन्हा चड्डीला पुसत राहिला. तेव्हा खांब आपला गोल सोडून निघाला. अख्खं मैदान चालत येऊन तो आमच्यासमोर उभा राहिला.

“हे खाली घ्या. नाहीतर मी खेळत नाही.”

“अरे, तुझ्यासाठीच तर केलंय,” डॉक्टर म्हणाले.

“माझ्यासाठी असेल, तर मी सांगतोय ना.”

मला खाली घेतलं. आमचा संघ जिंकला म्हणे; मी बाकांखाली होतो, मला फक्त पायांचे आवाज ऐकू आले. आत्या मी उघडताच उठून गेली होती. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

ती नाही म्हटल्यावर मला कोण सांभाळणार? ओल्या जाळ्यांमागे, अडगळीच्या खोलीत, मी दोन वर्षं पडून राहिलो. मला बुरशी आली. बेकरीच्या ठिगळात उंदरानं घर केलं. बाहेरून आरोळ्या ऐकू यायच्या, त्यात शिव्याच जास्त. मुलाबाळांना घेऊन येणारे येईनासे झाले.

एका दुपारी डॉक्टर मला हातगाडीवर घालून आत्याच्या दुकानात घेऊन आले.

“रंग निघत नाहीये,” ते म्हणाले. आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. “रॉकेल लावून बघितलं.”

“तो निघायचा नाही. कापावं लागेल,” आत्या म्हणाली आणि कात्री त्यांच्याच हातात दिली.

त्यांनी माझ्या मधले दहा हात कापून काढले. मग तिनं त्यांना सुई दिली. आठ रविवार ते स्टुलावर बसून उंदरानं कुरतडलेलं सांधत होते. ते उठून गेले की आत्या माझ्यावर हात फिरवून पुटपुटायची, “टाके बाकी देखणे घालतो हं.” त्यांना मात्र तिनं हे कधी सांगितलं नाही.

मधली जागा कशानं भरायची, हा प्रश्न आतोबांनी सोडवला. त्यांनी आपले पंचगिरीचे चार जुने पांढरे कोट मशीनवर आणून ठेवले.

“तीस वर्षं कुणाची बाजू घेतली नाही. आता जरा घेऊन बघतो.”

चार कोट पुरेनात, म्हणून त्यांनी आपल्या पंच मित्रांकडून आणखी पाच आणले.

पुढच्या हंगामात तोच पाहुणा संघ आला. मी उघडलो तेव्हा माझा मधला भाग पांढराशुभ्र आणि कोरा होता. त्यांच्या गोलकीपरनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. डॉक्टर कठड्यापाशी गेले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात म्हणाले, “तेव्हा माझं चुकलं.” त्यानं एक हातमोजा वर केला आणि आपल्या गोलकडे वळला. त्या दिवशी त्यानं एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. आम्ही एक-शून्यनं हरलो, आणि आमच्या स्टँडनं उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. या वेळी टाळ्या रस्त्याच्या अलीकडच्या होत्या.

मित्रांनो, आज माझ्या अंगावर छत्तीस ठिगळं आहेत आणि त्यातलं एकही मला लपवावंसं वाटत नाही. माझी मागणी फार नाही. मी भिजलो तर वाळवल्याशिवाय घडी घालू नका. आणि माझ्यावर काही लिहावंसं वाटलं, तर आधी खाली मैदानात, पाहुण्यांच्या गोलपाशी जाऊन उभे राहा. तिथून ते वाचून बघा, आणि मगच सुईत दोरा ओवा.