शून्याच्या जागी ओ

महाळुंग्यातल्या एका कारखान्यात अकरा वर्षे रजेचे अर्ज घेऊन दमलेला मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो.

कुलदीप नावाच्या तरुणाने मला पीएचपी भाषेत आठ दिवसांत लिहिले. कामगाराने मोबाइलवर आपला कामगार नंबर आणि कारण भरले की ते जसेच्या तसे माझ्या हाती पडे. मी काही न तपासता नोंद करी आणि 'अर्ज मिळाला' असे दाखवी. "काय झटपट चालतंय राव!" असे सगळे म्हणत. पुढे कुलदीप दुसऱ्या कंपनीत गेला. त्यानंतर मला कोणी उघडून पाहिले नाही. मी येईल ते गिळत राहिलो.

गेल्या वर्षी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनवर काम करणाऱ्या ज्योतीरामने चार दिवसांची रजा मागितली. त्याच्या बायकोचे, सुभद्राबाईंचे, ऑपरेशन होते. त्याचा नंबर १०४७. घाईत त्याने शून्याऐवजी इंग्रजी ओ दाबला. आकड्यात अक्षर आले की त्याच्या आधीचे तेवढेच धरायचे, ही माझी सवय. मी नुसता एक धरला. एक नंबर मालकांचा, नानासाहेबांचा! रजा त्यांच्या नावावर गेली आणि ज्योतीराम निर्धास्त दवाखान्यात गेला.

तो परतला तेव्हा सुपरवायझर उद्धवराव म्हणाले, "चार दिवस न सांगता गैरहजर. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, म्या अर्ज भरला व्हता. मिळाला म्हून आलं की मोबाइलवर!"

"इथं तुझं नाव नाही, भाऊ."

नोंद माझ्यापाशीच होती. पण कोणी विचारल्याशिवाय मला ती दाखवता येत नाही. ज्योतीराम खाली मान घालून गेटबाहेर पडला.

तेरा दिवसांनी थेरगावची तनुजा, नवी प्रोग्रामर, नोंदी चाळताना थबकली. मालकांची रजा, कारण बायकोचे ऑपरेशन! ती थेट नानासाहेबांकडे गेली.

"आमची मंडळी तर ठणठणीत हाय," ते म्हणाले. "मंग ही रजा कुणाची?"

रजेच्या तारखा ज्योतीरामच्या गैरहजेरीशी जुळल्या, तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. "ज्योतीराम, चूक आमची झाली. उद्या कामावर ये."

तो आला. पण त्यानंतर प्रत्येक अर्जाचा तो फोटो काढून ठेवू लागला. त्याचा विश्वास मी घालवला होता.

तनुजाने माझे काम एका फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यावर, नेले. तिथे अर्ज थेट हाती येत नाही. आधी विचारले जाते: सगळे आकडेच आहेत ना? या नंबरचा कामगार आहे ना? भरणारा तोच ना? काही चुकले तर अर्ज तिथल्या तिथे परत जातो.

"फार प्रश्न विचारतंय हे," उद्धवराव कुरकुरले.

"विचारू द्या, सर. माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

आता मी बंद आहे. राग नाही, थकवा तेवढा आहे. मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या प्रोग्राम लिहाल. समोरून आलेले तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि लिहून झाले की आम्हाला विसरू नका, अधूनमधून उघडून पाहा. आमची चूक आम्हाला दिसत नाही. ती कुणाच्या तरी घरात जाऊन पडते.