उपरण्याखालची तीन अक्षरं

भुजंग महाराजांनी मोबाइलवर उपरणं टाकलं, डोळे मिटले, ओठ हलवले. उपरणं काढलं तेव्हा पडद्यावर मोसंबीची बाग उघडलेली होती. बागेखाली कंपनीचं नाव, फळांचे फोटो, मालाची नोंदणी करायची हिरवी पट्टी. क्षणभरापूर्वी त्याच मोबाइलवर, त्याच पत्त्याने, कोरं पांढरं पान आलं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. "पत्ता तोच, पान दुसरं. बघून घ्या बाबांनो," महाराज म्हणाले. पॅकिंग शेडमधल्या गर्दीने हात जोडले. महाराजांनी मोबाइलच्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि पुढच्याला बोलावलं.

मी संशयी बाई आहे. नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि परीक्षेत पोरांच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची सवय लागली. निवृत्त झाले तरी ती सुटलेली नाही. अख्खं गाव महाराजांच्या तोंडाकडे बघत होतं. मी उपरण्याकडे बघत होते, आणि उपरणं आतून हलत होतं. मंत्र तोंडाने म्हणायचा असेल तर बोटांना एवढं काम कशाला?

आमचं गाव शहागडच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत. मोसंबीवाल्यांनी मिळून कंपनी काढली, अण्णासाहेब तिचे अध्यक्ष झाले आणि वेबसाइट बनवायचं काम ज्योत्स्नाकडे आलं. ज्योत्स्ना माझी विद्यार्थिनी. बौद्धवाड्यातल्या प्रभावतीताई अंगणवाडी चालवतात, त्यांची ही मुलगी. संगणकाचं शिकून अंबडला नोकरी करते. साइट तयार झाली, हमरस्त्यावर तिच्या पत्त्याचा भला मोठा फलक लागला: कंपनीचं नाव, टिंब, इन. व्यापाऱ्यांनी तो पत्ता मोबाइलवर टाकला आणि त्यांना दिसलं पांढरं पान. त्यावर इंग्रजीत दोन रुक्ष ओळी, की सर्व्हर चालू आहे, पुढची मांडणी करून घ्या.

ज्योत्स्नाला फोन गेला. तिने आपल्या लॅपटॉपवर बघितलं आणि सांगितलं, "माझ्याकडं तर उघडतंय." पुन्हा फोन गेला, पुन्हा तेच उत्तर. या एका वाक्यावर महाराजांनी आपलं दुकान मांडलं.

दुकानाचा त्यांना अनुभव आहे. महाराज होण्याआधी ते अंबडच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करायचे. दुकान बसलं आणि मठ उभा राहिला. त्यामुळे त्यांच्या प्रवचनात सिग्नलही येतो आणि शनीही येतो. सर्व्हरचं तोंड दक्षिणेला झालंय, डाटा उलटा फिरून राह्यलाय, टॉवरला अमावास्या बाधलीय, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि खरा घाव घातला.

"जिनं बनवली तिच्याकडंच उघडती, बाकी कुणाकडं न्हाई. मंग हे बांधून ठेवल्याबिगर होतं का?"

बांधून ठेवलं म्हणजे करणी केली. असं कुणाबद्दलही बोललं तरी वाईटच. त्यात पोरगी बौद्धवाड्यातली, म्हणजे गावातल्या काही जणांना पुरावाही नको होता. महाराजांनी उतारा सांगितला. ज्योत्स्नाने सगळ्यांसमोर नारळ फोडायचा आणि "मी बांधली होती, आता सोडली" असं म्हणायचं. अण्णासाहेबांनी मान हलवली. ते दुष्ट नाहीत, घाबरट आहेत. माझ्या घरी येऊन म्हणाले, "एकच वाक्य बोलायचंय बाई. बोलली की विषय मिटला."

विषय मिटणार नव्हता, तिथून सुरू होणार होता. करणीवाली हे नाव एकदा पडलं की पुसलं जात नाही. पोरगी अंबडला निघून जाईल, पण दुसऱ्या दिवशीपासून प्रभावतीताईंच्या अंगणवाडीत आपलं लेकरू कोण सोडेल? माझा संताप संताप झाला.

तरी संशय मी दोन्हीकडे घेतला. काम अडवून धरणारी माणसंही मी पाहिलेली आहेत. ज्योत्स्नाला सरळ विचारलं.

"बाई, तुमच्यापाशी खोटं बोलून मला काय मिळणार? उघडलेली साइट डोळ्यानं बघून राह्यले मी," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. पण बघत होती एकाच यंत्रावर, आणि एकदाच, एकाच ठिकाणी केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवू नये हे मीच तिला शिकवलं होतं. तेवढं बोलून घेतलं आणि म्हटलं, नारळाला हात लावू नकोस, नुसती येऊन उभी राहा.

तर ती शेडमध्ये आईशेजारी उभी होती, पुढ्यात नारळ होता आणि मी रांगेत होते.

माझ्या मोबाइलबद्दल एक सांगायला हवं. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षरांशी माझं जमत नाही, म्हणून नातीने त्यात एक सोय करून दिली आहे. कीबोर्डवर जे अक्षर दाबावं ते तो बोलून दाखवतो. एरवी मी आवाज बारीक ठेवते. त्या दिवशी पूर्ण मोठा केला.

माझा नंबर आला. महाराजांनी आधी पांढरं पान सगळ्यांना फिरवून दाखवलं, मग उपरणं टाकलं आणि ओठ हलवायला लागले. शेडमध्ये शांतता पसरली, आणि त्या शांततेत उपरण्याखालून एका बाईचा स्वच्छ आवाज आला.

"डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू. टिंब."

महाराजांचे ओठ थांबले. बोट घाबरून भलतीकडे पडलं असावं, कारण उपरणं आणखी एक अक्षर बोललं आणि मग गप्प झालं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी उपरणं उचललं. महाराजांचा अंगठा अजून कीबोर्डवरच होता.

ज्योत्स्नाने कपाळावर हात मारला. ती पुढे आली आणि रांगेत माझ्या आधी असलेल्या तुळजाबाईंच्या हातातला कुंकू लावलेला मोबाइल मागून घेतला. त्यावर साइट उघडी होती, वरच्या पट्टीत नुसतं कंपनीचं नाव दिसत होतं. ज्योत्स्नाने त्या पट्टीला बोट लावलं. नावाच्या आधी लपलेले तीन डब्ल्यू बाहेर आले. पट्टी सुटसुटीत दिसावी म्हणून मोबाइल ते झाकून ठेवतो, ती म्हणाली. पत्ता तोच दिसतो, पण तोच नसतो.

मग तिने जे समजावलं ते मला इतकं आवडलं की शिक्षिका म्हणून हेवा वाटला. पोराचं घरातलं नाव एक आणि शाळेतलं एक. हजेरीत शाळेतलंच लिहिलं असेल तर घरच्या नावाने हाक मारल्यावर कुणी ओ देत नाही. तिने सर्व्हरला तीन डब्ल्यूवालं नाव सांगितलं होतं, डब्ल्यूशिवायचं नुसतं नाव सांगायचं राहिलं होतं. फलकावर नेमकं नुसतं नाव. त्या नावाने हाक आली की सर्व्हर आपलं मूळचं पांढरं पान पुढे करायचा. तिच्या लॅपटॉपला मात्र पहिल्या दिवसापासून तीन डब्ल्यूची सवय. ती नाव टाकायला लागली की तो पूर्ण पत्ता आपणच भरून मोकळा. महाराजांनी एकदा टाकून दिलेला पत्ता गावातले मोबाइलही तसाच लक्षात ठेवत होते, म्हणून कुंकवाचे मोबाइल चालत होते आणि बिनकुंकवाचे अडत होते.

अण्णासाहेबांनी चाचरत विचारलं, "मंग बाधा न्हाईच?"

"बाधा न्हाई काका. चूक हाय, अन् ती माझी हाय," ज्योत्स्ना म्हणाली.

तिथेच पेट्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून तिने सर्व्हरच्या मांडणीत राहिलेलं नाव घातलं आणि नुसत्या नावाने येणाऱ्यालाही त्याच साइटवर पाठवायची व्यवस्था केली. मग म्हणाली, ज्याला कुणी हात लावलेला नाही असा मोबाइल द्या. प्रभावतीताईंनी आपला दिला. अण्णासाहेबांनी स्वतःच्या बोटाने फलकावरचा पत्ता टाकला, आणि मोसंबीची बाग उघडली. ना उपरणं, ना कुंकू.

महाराज उठले आणि उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "देवानंच पोरीला बुद्धी दिली." त्यांना ही मेख पहिल्या दिवसापासून माहीत होती, असा माझा संशय आहे. पहिल्याच दिवशी सांगितली असती तर मोबाइलवाले भुजंगराव म्हणून गावाने आभार मानले असते. पण आभार मानणारे पाया पडत नाहीत.

लोक पांगायला लागले. मी त्यांना थांबवलं. अण्णासाहेबांना म्हटलं, जे चारचौघांत ठरवलंत ते चारचौघांतच मागे घ्या. त्यांनी पुढ्यातला नारळ बाजूला सारला. मग प्रभावतीताईंसमोर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ह्या पोरीनं करणी केली न्हाई. आम्ही तसं म्हणलो, ते आमचं चुकलं."

प्रभावतीताईंनी नारळ उचलून पिशवीत टाकला आणि लेकीचा हात धरला.

वाचकहो, ज्योत्स्नाची चूक होती आणि ती तिने कबूल केली, म्हणून ती दुरुस्त झाली. करणी कधी दुरुस्त होत नाही, ती फक्त कुणाच्या तरी माथी मारता येते, आणि ते माथं बहुधा आधीच वाकवलेलं असतं. तुमच्याकडे काही अडलं, बिघडलं, तर कुणी केलं हे विचारण्याआधी कसं झालं ते विचारा. आणि कुणी हातावर कापड टाकलं, तर हात जोडण्याआधी कापड उचलून बघा.